भाऊजींचा तिसरा निकाल

साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या भाऊजींनी एका चाचणीचा निकाल ‘पास’ही दिला नाही आणि ‘नापास’ही दिला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एक्स्चेंजमधले टेस्टर. ‘नाही’ हा शब्द इतका जपून वापरणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा नव्हता.

वरणात मीठ आहे का, असे बहिणीने विचारले तर ते सांगत, ‘‘मले लागलं नाई. पण मले सर्दी हाय.’’ मग तुमची जीभच एक्स्चेंजात तपासून आणा, असे बहीण म्हणे आणि स्वतः चाखून पाही. कौंडण्यपूरच्या जत्रेत आमची आई चुकली, तेव्हा भाऊजी देवळाभोवती फिरून आले. सासूबाई दिसल्या नाहीत, पण घाम पुसायला चष्मा काढला होता, तेव्हा त्या बाजूला पुन्हा कोणी तरी जावे, असे त्यांनी सांगितले. आई त्याच बाजूला पेढ्यांच्या दुकानासमोर बसलेली होती.

त्यांच्या कामात तारेत वीज सोडायची. पलीकडे टेलिफोन जोडलेला असेल तर मीटरचा काटा एकदा उडी मारतो. भाऊजी आधी स्वतःच्या टेबलावरचा टेलिफोन तपासत आणि मगच बाहेरगावचा. सहकारी हसत; टेबलावरचा कुठे पळून जातो, म्हणत.

त्या मे महिन्यात वलगावच्या दवाखान्याची लाइन तपासताना काटा हलला नाही. टेलिफोन बसवल्याचे लाइनमनने कळवले होते. तो खोटे बोलला असे एक्स्चेंजचे नवे साहेब धरून चालले. त्या लाइनमन पोराची नोकरी अजून कच्ची होती. त्याच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. भाऊजींनी ‘नापास’ म्हटले असते तर ती त्याच दिवशी गेली असती.

‘‘पास की नापास, एवढंच सांगा,’’ साहेब म्हणाले.

‘‘साहेब, हा काटा माह्या टेबलावरच्या टेलिफोनलेबी कधी ओळखते, कधी नाई. वलगाववाल्याले काय ओळखन? टेस्ट झालीच नाई, असं समजा. कोनी तरी जाऊन पाहून या.’’

साहेब चिडले, पण जीप काढून स्वतःच गेले. टेलिफोन दवाखान्याच्या टेबलावर होता आणि चालू होता.

संध्याकाळी लाइनमन भाऊजींच्या घरी आला. चहा हातात घेऊन म्हणाला, ‘‘भाऊ, तुमाले मालूम होतं नं, म्या फोन बसवला ते?’’

‘‘नाई गा. मीटरले मालूम नोतं, तं मले कुठून असन?’’

मग त्याने चहा संपवला आणि बहिणीने दिलेला दुसरा कपही घेतला.

दिवाळीच्या सुमारास तो नोकरीत कायम झाला आणि धामणगाव रेल्वे या गावी बदलून गेला. वर्षातून एकदा तो भाऊजींकडे येई. दोघे ओसरीत बसून चहा घेत. भाऊजी गेले त्या दिवशी तो दुपारच्या गाडीने आला आणि सगळे पांगेपर्यंत थांबला.