जीपच्या चेसीतला जोड

मित्रांनो, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी जीप पिंप्राळ्यात युसूफचाचांच्या गॅरेजवर दुरुस्तीला दिलीय. आज त्यांनी बॉडी उतरवून चेसीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज घासला आणि मला हाक मारली.

"भाऊ, हे बघा. पुढची चेसी दुसऱ्या गाडीची आहे, मधे कापून जोडलीय. मोठा ॲक्सिडेंट झाला असणार."

आबा तर आयुष्यभर सांगत आलेत, "मनी गाडीले कधी ओरखडा बी पडना नही."

मी तिथूनच भडगावला फोन लावून आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुनी मायले काही इचारू नको," आणि फोन ठेवला.

आई सध्या माझ्याकडेच आहे. घरी आल्यावर तिनेच विचारलं, "जीपचं कुठवर आलं?"

"गंज फार आहे," एवढंच बोललो.

भाजी निवडता निवडता, वर न बघता ती म्हणाली, "पुढला भाग नीट पाही ले."

तिला सगळं माहीत आहे का? तुम्ही असता तर विचारलं असतं, की गप्प बसला असता?