खाल्लेल्या निवट्यांचा अहवाल

भिवंडीजवळच्या दापोड्यात चांगदेवना सगळे ओळखतात ते त्यांच्या गोडाऊनमुळे. जिथं त्यांचे आजोबा भात लावायचे तिथं आता ट्रक उभे असतात. आणि त्यांच्या मुलीला, पूर्वीला, सगळे ओळखतात ते ती चिखलात जाते म्हणून. भावकीतल्या मुली सुट्टीत घरी आल्या की पार्लरला जातात. ही सुट्टीत आली की गुडघ्यापर्यंत सलवार खोचून खाडीकडं निघते. बरोबर प्लास्टिकची बरणी, मोजपट्टी आणि एक वही. एवढ्या मोठ्या बंगल्याची पोर खेकड्यांच्या मागं काय फिरते, म्हणून बायकांनी थोडे दिवस तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग त्यांना सवय झाली.

पूर्वी मुंबईतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात बायोलॉजी घेऊन बी.एस्सी. करत होती. तिथल्याच, सिस्टरांच्या होस्टेलवर राहायची. सकाळी प्रार्थना, आठवड्यातून एक तास नीतिशिक्षण, बाकी सगळा वेळ पेशी, मासे आणि सूक्ष्मदर्शक. ती तिकडं जाणार हे कळलं तेव्हा शेजारचा नामाकाका ओट्यावर येऊन बसला होता. "चांगदेवा, पोरीला फादरांच्या शालेत घालतोस, उद्या गल्यात क्रूस घालून यल," तो म्हणाला. चांगदेव म्हणजे जमिनीच्या व्यवहारात समोरच्याला पाणी पाजणारा माणूस, पण पोरीच्या बाबतीत लोक काय म्हणतील याला फार भ्यायचा. उत्तर दिलं ते पुतळाबाईनं.

पुतळाबाई म्हणजे चांगदेवची थोरली बहीण, पूर्वीची आत्या. तरुणपणी नवरा गेला, माहेरी आली आणि इथलीच झाली. पूर्वीची आई अंगणवाडीत नोकरीला, त्यामुळं स्वयंपाकघर आत्याचं आणि पूर्वीसुद्धा अर्धीअधिक आत्याचीच. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती, पण तिच्यापुढं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती. "गल्यात काय घालल ते मी बगन," ती नामाकाकाला म्हणाली. "डोक्यात काय घालतान ते तू बग." विषय तिथंच मिटला आणि जूनमध्ये पूर्वी होस्टेलवर गेली.

क्रूस काही गळ्यात आला नाही. आला तो एक हट्ट, आणि तो सिस्टर फिलोमिनांकडून. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या वसईच्या, त्यामुळं निवटी, म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा, त्यांना समजावून सांगावी लागत नसे. लहानपणी त्यांनीही पोटभर खाल्ल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "प्रार्थनेत देवाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. वहीत मात्र जे घडलं तेच लिहायचं. नको ते घडलं तरी तेच." पूर्वीला हे फार आवडलं. घरात व्यवहाराची बोलणी ऐकत वाढलेल्या पोरीला, जसं आहे तसं सांगायचं, यातला निवांतपणा नवा होता.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला आणि पूर्वीनं निवट्या घेतल्या. ओहोटीला उघड्या चिखलावर पंखांच्या टेकूनं चालणारा, डोळे वर काढून बघणारा हा मासा तिला लहानपणापासून खोडकर वाटायचा. खाडीच्या मोकळ्या तोंडाशी बारा पकडल्या, त्या निळ्या टपात ठेवल्या. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी येतं त्या नाल्याजवळ बारा पकडल्या, त्या लाल टपात. दोन्हींत आपापल्या जागचा चिखल, आपापल्या जागचं पाणी, आणि उड्या मारून पळू नयेत म्हणून वर जाळी. नाताळची लांब सुट्टी होती. दर चार दिवसांनी वजन आणि लांबी घ्यायची, नाल्याच्या पाण्यात वाढ खुंटते का ते बघायचं. विद्यापीठाच्या समितीनं परवानगी दिली होती ती एका अटीवर: काम संपल्यावर सगळे नमुने जिवंत, पकडले तिथंच परत सोडायचे. पूर्वीनं खाली सही केली होती.

टप मागच्या पडवीत होते. त्यांवर तिनं 'हात लावू नये' असा कागद चिकटवला, आणि कुणी हात लावला नाही. कागदाचा प्रताप, असं तिला वाटलं. खरं कारण वेगळंच होतं. मार्गशीर्ष चालू होता आणि आत्याच्या राज्यात त्या महिन्यात घरात मासळी शिजत नसे. बायोलॉजी शिकलेल्या पोरीनं पंचांग मात्र बघितलं नव्हतं.

अमावास्या झाली, मार्गशीर्ष सरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीनं शेवटचं वजन घेतलं. दोन्ही टपांतल्या निवट्या सारख्याच वाढल्या होत्या. फरक सापडलाच नाही. ती जरा हिरमुसली, वही मिटून स्वयंपाकघरात डोकावली आणि म्हणाली, "आत्या, झालं गं माझं काम. उद्या निघते." संध्याकाळी ओहोटीला निवट्या सोडायच्या असं ठरवून ती भिवंडीत गेली, निजामपुऱ्यातल्या दुकानातून अहवालासाठी कागद आणि फाईल घ्यायला.

दुपारी आली ती भुकेनं कासावीस होऊन. ताटात तांदळाची भाकरी आणि चिंचेच्या आंबटातलं लालभडक कालवण. महिन्याभरानं मासळी; बाजारातून आली असेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं मान खाली घातली ती पाच निवट्या संपवूनच वर काढली. "आत्या, हाताला चव आहे बघ तुझ्या," असंही म्हणाली. हात धुवायला पडवीत गेली, तेव्हा निळा टप धुवून भिंतीला उपडा घातलेला होता.

पूर्वीनं टप सरळ करून आत बघितलं. ऐवज तिच्या पोटात होता.

"तूच बोल्लीस ना बाय, काम झाला," आत्या दारात येऊन म्हणाली. "मंग म्हटला, म्हैना सरला, पोर उद्या चालली, ताज्या निवट्या घरातच हायेत." पूर्वीचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. "काय चुकला काय माजा?"

"लाल टपातल्या कुठायत?" पूर्वीनं विचारलं.

"त्या हायेत तशाच. त्यान्ला वास येते रंगाचा. त्या कोन खानार?"

पूर्वीला रडूच आलं. वजनं झाली होती, आकडे वहीत होते, पण सोडायचं वचन मोडलं होतं. समितीनं प्रकल्प नाकारला तर वर्ष जाणार. वर्ष गेलं की नामाकाका पुन्हा ओट्यावर येणार, आणि बाबा पुढं शिकू देतील याची खात्री नव्हती. तिनं होस्टेलमधल्या मैत्रिणीला, मृणालीला, फोन लावला. मृणालीनं सगळं ऐकलं, आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "अगं वेडे, 'सोडले' असं लिही. निवट्या काय साक्षीला येणार आहेत?"

खरंच होतं. एका शब्दाचं काम होतं. पूर्वी वही घेऊन बसली, पेन उघडलं, आणि तो शब्द काही हातातून उतरेना. शेवटी तिनं घडलं तेच लिहिलं. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. निळ्या टपातले बाराही नमुने घरच्यांनी खाल्ले. त्यातले पाच मी. लाल टपातले वगळले, कारण आत्याच्या मते त्यांना रंगाचा वास येतो. संध्याकाळी लाल टपातल्या बारा निवट्या नाल्याजवळ सोडल्या. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं आत्याला मिठी मारली. आत्याला त्यातलं काहीच कळलं नाही, पण मिठी आवडली.

सिस्टर फिलोमिनांनी ते पान उभ्यानंच वाचलं. "कालवण चिंचेचं?" त्यांनी विचारलं. पूर्वीनं मान हलवली. "हं," सिस्टर म्हणाल्या, "हे समितीकडं पाठवावं लागेल. मी लपवणार नाही, तूही लपवलं नाहीस. आता तोंडी परीक्षेपर्यंत वाट बघ."

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून विद्युल्लता मॅडम आल्या होत्या. पूर्वीनं अहवाल त्यांच्यापुढं ठेवला. मॅडमनी आकड्यांचे तक्ते भराभर उलटले. "फरक नाही मिळाला," त्या म्हणाल्या. मग खाल्लेल्या निवट्यांच्या पानाशी थांबल्या. 

"आत्यांनी लाल टपाला हात का लावला नाही?"

"वास आला म्हणून."

"चिरून बघितल्या?"

"नाही. जाळी उचलून नुसतं वाकून बघितलं, असं म्हणाली."

"आणि तू महिनाभर रोज त्यांच्याशेजारी बसत होतीस. तुला आला वास?"

"नाही मॅडम," पूर्वी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मॅडम सिस्टरांकडं वळल्या. "माशाचं वजन घटायच्या कितीतरी आधी त्याच्या मांसात वास उतरतो. हिच्या सगळ्या अहवालात एकच निष्कर्ष आहे, आणि तो या पानावर आहे. हिनं 'सोडले' लिहिलं असतं तर तोही गेला असता." अट मोडल्याबद्दल समितीनं दहा गुण कापले आणि पुढचे नमुने घरी ठेवू नयेत अशी लेखी ताकीद दिली. पण प्रकल्प मंजूर झाला. एम.एस्सी.ला हाच विषय घे, असं मॅडमनी दारापर्यंत येऊन सांगितलं.

पूर्वीनं होस्टेलच्या जिन्यातूनच घरी फोन लावला. पास झाले म्हटल्यावर आत्यानं देवाला हात जोडले असावेत, कारण देवघरातली घंटा ऐकू आली. मग पूर्वीनं सांगितलं, की परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न तुझ्या नाकावर विचारले.

आत्या हसली नाही. "त्यात काय इचाराचा," ती म्हणाली. "नाल्याकरच्या निवट्या पयल्या सगल्यात गोड होत्या. तुजा बाप तर त्याच मागून खायाचा. मंग वास याला लागला, तवापासून आमी तिकर जात न्हाय."

"कधीपासून गं?"

"मी सांगते ना. तुजा बाप दहावीला होता तवा..."

"थांब आत्या, थांब," पूर्वी जिन्यातच खाली बसली आणि तिनं वही उघडली. "हं. आता पहिल्यापासून सांग."