कापसाच्या गंजीत घड्याळ

वर्ध्याला रेल्वेतून उतरलो तेव्हा माझ्या डाव्या मनगटावर दुसऱ्याचं घड्याळ होतं. ते आर्णीच्या माझ्या भाऊजींसाठी होतं आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. त्यांचा मुलगा निखिल, म्हणजे माझा भाचा, स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या कारखान्यात काम करतो. कामानिमित्त तो पुण्याला ओझरता आला आणि वडिलांसाठी आणलेली भेट माझ्या हवाली करून परत गेला. बॅगेत ठेवावं तर चोराची भीती, म्हणून मी ते हातात घातलं. मिरवायची हौस नव्हती असं मात्र म्हणणार नाही.

घड्याळ होतंच तसं. सेलवर चालणारं नव्हे, हात हलेल तशी आपोआप चावी भरली जाणारं. पांढरी तबकडी, तापवून निळे केलेले बारीक काटे. पाठीमागे काच होती, तिच्यातून अर्धचंद्रासारखं एक वजन हाताबरोबर डोलताना दिसायचं, आणि त्याखाली लाल खडे आणि केसासारखी स्प्रिंग. आतल्या एका पट्टीच्या कडा निखिलने स्वतः लाकडाच्या काडीने घासून आरशासारख्या केल्या होत्या. पट्टीची खालची बाजू कुणाला कधीच दिसत नाही, तीही त्याने घासली होती. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "मामा, ते बी घासा लागते."

कळंबला मुद्दाम उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं. इतर देवळांत चढून जायचं, इथे पायऱ्या उतरून जायचं. बाहेर तर्रीपोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले आणि दिवसभर पाणी पीत राहिलो.

यवतमाळहून आर्णीच्या एसटीत बोलणं एकच होतं, कापूस. भाव पडलेला, बोंडअळीने पराटी (कापसाचं झाड) पोखरलेली. भाऊजी तिथल्या जिनिंगचे (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे) मॅनेजर. मी त्यांच्याकडे चाललोय हे कळताच शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मंग त्यायले सांगा, गाड्या लवकर खाली करा म्हना. माहा भाऊ कालपासून लायनीत हाय."

ताई शाळेत शिकवायला गेली होती, घराला कुलूप. म्हणून मी थेट भाऊजींच्या जिनिंगवर गेलो. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग पार सडकेपर्यंत आली होती. आत अंगणात कापसाच्या गंज्या (ढीग) लागलेल्या, उन्हाने कोमट झालेल्या. येणारा प्रत्येक जण त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर कापूस काढून बोटांनी ओढून बघायचा. पाहुण्यानेही तेच करावं असं वाटून मीही हात खुपसला. पण घड्याळाचा स्टीलचा पट्टा भाऊजींच्या जाड मनगटाच्या मापाचा होता, आणि माझं मनगट म्हणजे काडी. हात बाहेर काढला तर तो मोकळा.

त्याच गंजीतून बाया टोपल्या भरभरून मशीनकडे नेत होत्या. मी धावत भाऊजींना गाठलं आणि हातातलं घड्याळ कापसात पडलं म्हणून सांगितलं. कोणाचं, ते सांगायची हिंमत झाली नाही. ते रागावले नाहीत, की हसलेही नाहीत.

"कोन्त्या गंजीत, साळेबुवा?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या क्षणी त्यांनी फिटर रशीदभाईंना मशीन बंद करायला लावली. मशीनच्या पात्याखाली स्टील आलं तर ठिणगी पडते, आणि कापसात पडलेली ठिणगी सारं जिनिंग खाऊन टाकते. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कापसात लोखंड गेलं हाय. सापडल्याबिगर मशीन चालू होनार नाही."

गाड्या खाली होणं थांबलं. लोक कुरकुरतील असं मला वाटलं होतं, पण गाडीवाले बैल सोडून आत आले. ताडपत्र्या अंथरून बायांबरोबर मूठमूठ कापूस चिवडायला बसले. रशीदभाईंनी मशीन खोलून तपासली, तिथे काही नव्हतं. मीही बसलो. मनात एकच घोळत होतं, की आता निखिलला कोणत्या तोंडाने सांगायचं. ऊन कललं, गंजी जवळजवळ संपली, नाका-डोळ्यांत रुई गेली, पण घड्याळ काही मिळेना.

घसा कोरडा पडला म्हणून नळावर गेलो. शेजारी एका पोत्यावर बायांचे जेवणाचे डबे ठेवले होते. त्या डब्यांमध्ये घड्याळ होतं. सेकंदाचा काटा आपला निवांत फिरत होता.

मी ते उचलून वर धरलं तेव्हा कापूस चिवडणाऱ्या सुमनबाईंनी मान वर केली. "ते मले मगाशीच भेटलं. कोनाचं तरी पडलं असन म्हून बाजूले ठेवलं," त्या म्हणाल्या. "आधी लोखंड पाहू द्या."

आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. मी त्या पोत्यावर बसलो आणि हसत सुटलो. शेवटी भाऊजींना कबूल करावं लागलं, की लोखंड म्हणजे हेच. घड्याळ म्हटलं असतं तर ते एका पाहुण्याचं काम झालं असतं, लोखंड म्हटल्यावर ते साऱ्यांचं झालं, असं त्यांचं म्हणणं. यावर सुमनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे हात जोडले.

मशीन सुरू झाली, गाड्या पुढे सरकल्या. मग मी भाऊजींना घड्याळ कोणाचं ते सांगितलं, आतली पट्टीही दाखवली. त्यांनी तबकडीकडे पाहिलंच नाही. बराच वेळ पाठीमागच्या काचेत बघत राहिले. मग त्यांनी साऱ्या बायांना बोलावलं.

"माह्या पोरानं घासली हाय हे," ते म्हणाले. रुई लागलेल्या एकेका हातातून घड्याळ फिरू लागलं. यावेळी मला अजिबात भीती वाटली नाही.

रात्री ताईने पातोडीचा (बेसनाच्या वडीचा) रस्सा केला. मी तीन वेळा वाढून घेतला आणि मेल्यासारखा झोपलो.

सकाळी भाऊजी मला स्टँडवर सोडायला आले. घड्याळ त्यांच्या मनगटावर घट्ट बसलं होतं. "पुढच्या वेळी चांगले आठ दिवस काढून या," ते म्हणाले, "पन हात खिशात ठेवजा."

बस जिनिंगवरून गेली. रांग निम्म्यावर आली होती आणि आतून मशीनची धडधड ऐकू येत होती. एरवी असल्या आवाजाने माझं डोकं उठतं. त्या दिवशी मी खिडकी उघडली आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत कान देऊन बसलो.