ती शीळ पक्ष्याची नव्हती

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. बहिणीला नाही. दवाखान्यात रोज माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या सिस्टरला नाही. आई गेली, तिलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी हे पुष्कळदा ओठांपर्यंत आणलं आहे — आणि मग संध्याकाळी भाजी कोणती करायची ते विचारलं आहे.

मी नर्स आहे. जखमा धुते, टाके काढते, पू पिळून काढते. रडण्याची मला सवय नाही. वाटलं होतं, बसलं की सरळ लिहून होईल. ते होत नाही. आधी पुस्तकाचं सांगावं लागेल.

माझे वडील लोणावळ्याच्या एका बंगल्यावर माळी होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मालक मुंबईचे. उन्हाळ्यात यायचे आणि पावसाळा तोंडावर आला की कुलूप लावून जायचे. मागच्या खोलीत आम्ही. मालकीणबाईंनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. माया म्हणून नव्हे. कपाटातली नेमकी बाटली, नेमका डबा मी वाचून आणून द्यावा म्हणून. त्यांची मुलं जाताना चित्रांची पुस्तकं टाकून जायची. त्यांना आता सगळे कॉमिक म्हणतात. आम्ही म्हणायचो, चित्राचं पुस्तक.

त्यातलं एक पुस्तक गुप्त तुकडीचं होतं. चौघं जण. अंगात माणसापलीकडची ताकद, तोंडाला काळे मुखवटे, आणि डोळे नुसते पांढरे. बुबुळंच नाहीत. ते कोणासाठी काम करतात हे कोणालाच माहीत नसायचं. ज्यांना शिक्षा करता येत नाही अशांना ते गाठायचे. एका पानावर त्यांच्यातलाच एक विचारतो, आपल्याला हा अधिकार कोणी दिला? त्यांचा म्होरक्या उत्तर देत नाही. पुढच्या चौकटीत फक्त त्याचे डोळे आहेत — पांढरे. ती चौकट मला आवडायची. त्यातलं काय आवडायचं, ते तेव्हा कळत नव्हतं.

आम्ही तिघं होतो. मी, दत्तू आणि चिमी. दत्तूची भातखाचरं बंगल्याच्या उताराखाली होती. घरचा खाऊनपिऊन बरा. चिमी वरच्या ठाकरवाडीतली. तिघंही अकरा-बारा वर्षांचे. इंग्रजी एकट्या मला यायचं, म्हणून म्होरकी मी. मी वाचायची आणि ती दोघं चित्रावर डोळे लावून ऐकायची. शेवटच्या पानावर चौथा माणूस शत्रूच्या तळघरात बांधलेला पडलाय, आणि बाकीचे तिघं त्याच्यावर वाकलेत. खाली लिहिलेलं — आम्ही तुला न्यायला आलो आहोत. हे पान चिमी पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. "खरंच येत्यात?" दर वेळी हाच प्रश्न. मी म्हणायची, "येत्यातच. लिवलंय हितं."

मग आम्हीही तुकडी काढली. बंगल्यातली एक मोडकी छत्री होती, तिच्या कापडाचे मुखवटे शिवले. बघायला दोन बारीक भोकं आणि भोवती चुन्याची मोठी पांढरी वर्तुळं. अंगावर इरली. भातलावणीला बायका पानांचं इरलं घेतात ना, डोक्यावरून पाठीवर येणारं? इरलं घेतलेलं माणूस वाकून चालायला लागलं की ते बाई आहे की पोर, काही कळत नाही. पालथी होडी चालल्यासारखं दिसतं.

"आईनं वळखलं तर?" दत्तू म्हणाला.

"आदी शेंबूड पूस," चिमी म्हणाली. "भुताला शेंबूड नसतो."

आणि खूण म्हणून शीळ. ओढ्याकाठी तो काळानिळा पक्षी असतो, हुबेहूब माणसासारखी शीळ घालणारा. रिकामटेकडा पोरगा चालता चालता घालतो तशी — सुरू होते, भरकटते, मध्येच विरते. चिमीला ती अशी जमायची की पक्षी उत्तर द्यायचा. आमची शीळ वेगळी ओळखू यावी म्हणून शेवटी दोन तुटक सूर जोडायचे. पक्षी ते कधी जोडत नाही. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पहिली कामं पोरकट होती. त्यांची कबुली द्यायला मी बसलेली नाही.

शेजारच्या बंगल्याचा राखणदार, बाबू नाव त्याचं, सरपण गोळा करणाऱ्या ठाकरवाडीच्या बायकांवर कुत्रं सोडायचा. त्या श्रावणात ते चिमीच्या आईच्या पोटरीला चावलं. चिमी माझ्याकडे आली, म्हणाली, आता तुकडीचं काम. बाबू दुपारी ओढ्याच्या बांधावरून चहा प्यायला जायचा. तिथं धुक्यात उभं राहायचं आणि तो जवळ आला की एकदम वळायचं. एवढंच.

"आन पडला तर?" चिमीनंच विचारलं. "खाली दगडं हायती."

"तुकडीत आसं इचारत न्हाईत," मी म्हणाले.

त्या दुपारी धुकं इतकं दाट होतं की हात लांब केला तर बोटं फिकी व्हायची. बांधावरून एकामागोमाग एक आम्ही निघालो. पुढे मी, मग दत्तू, मग चिमी. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, दिशा कळत नव्हती. मी मागे वळून पाहिलं. एक इरलं, दोन इरली — आणि त्यांच्यामागे तिसरं.

आम्ही तिघं होतो. माझ्यामागे दोन हवी होती.

ते तिसरं आमच्याच चालीनं येत होतं. आम्ही थांबलो की थांबत होतं. पुस्तकात चौघं होते, आणि मला खरोखर वाटलं, चौथा आला. हे आज लिहिताना हसू यायला हवं. येत नाही. मग दत्तू कुजबुजला, "बाबूच हाय. इरलं घेऊन आलाय." आणि मी हात वर केला. हात वर म्हणजे वळायचं, असं ठरलेलं होतं. तिघंही एकदम वळलो.

ती दत्तूची चुलती होती, भागूकाकी. पुढे इरली दिसली, तिला वाटलं लावणीच्या बायका घरी चालल्यात. धुक्यात सोबत म्हणून ती मागे लागली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. एक पाऊल मागे घेतलं, आणि तिथं बांध नव्हता.

दगडावर आपटल्याचा आवाज मला अजून सांगता येईल. नको.

मी पळाले. दत्तू माझ्यामागे पळाला. चिमी खाली उतरली. माणसं हाका मारत आली तेव्हा ती काकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मुखवटा गळ्यात लोंबत होता. काकीचा पाय मांडीत मोडला होता. लोकांनी काकीला झोळीत घालून घरी नेलं, दत्तूचे वडील हाडवैद्याला आणायला गेले, आणि ते येईपर्यंत चिमीला दत्तूच्याच गोठ्यात कोंडलं.

आम्ही दोघं बंगल्यामागे बसलो होतो. मी तोंड धुतलं होतं, मुखवटे चुलीत घातले होते. दत्तू म्हणाला, "जायला पायजे. पुस्तकात जात्यात."

मी आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. शेवटचं पान काढलं. तेच चित्र — बांधलेला माणूस आणि त्याच्यावर वाकलेले तिघं, पांढऱ्या डोळ्यांचे. ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी चुकीचं वाचलं व्हतं. जो सापडला तो आपला न्हाई, आसं लिवलंय. त्याचं त्वांड बंद करायला आल्यात ती."

दत्तूनं चित्राकडे पाहिलं. चित्र तेच होतं. पण आता ते तसंच दिसायला लागलं — मलासुद्धा. एक अक्षरही हललं नव्हतं, आणि ते तिघं मारायला आले होते.

तेवढ्यात शीळ आली.

खालून, घरांच्या बाजूनं. सुरू झाली, भरकटली, विरली — आणि शेवटी दोन तुटक सूर. मग गप्प. मग पुन्हा. धुक्यात ती कधी लांबून यायची, कधी अगदी आमच्या भिंतीपलीकडून.

"चिमी बोलावतीय," दत्तू म्हणाला.

"पक्षी हाय," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला ते खरं मानायचंच होतं, त्यानं मानलं. मी मात्र मानलं नव्हतं. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक वेळी ते शेवटचे दोन सूर येईपर्यंत श्वास धरून बसत होते. येऊ नयेत, एकदा तरी येऊ नयेत, म्हणजे तो पक्षीच आहे असं मला म्हणता येईल. दर वेळी आले. ती थकत चालली होती, शीळ चिरकत होती, ओठ कोरडे पडले असावेत. तरी ते दोन सूर तिनं सोडले नाहीत. आणि मधूनच ओढ्यावरून खऱ्या पक्ष्यानं तिला उत्तर दिलं. तिला काय वाटलं असेल? आम्ही आलो?

दिवेलागणीला शीळ थांबली. वडील आले आणि मला म्हणाले, चल, भागूकाकीला बघून येऊ.

अंगणात गर्दी होती. चिमीला मध्ये उभं केलं होतं. दत्तूचे वडील विचारत होते, "भागू म्हंती तीन व्हती. दुसरी दोगं कोन?"

"मी एकलीच व्हते."

"खोटं बोलतीस?"

"एकलीच व्हते, आबा."

कोणीतरी माझ्याकडे वळलं. "कुसे, तू हिंडतीस ना गं हिच्यासंगं?"

आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षांची पोर. वडिलांची नोकरी, राहती खोली, सगळं त्या एका उत्तरावर. तसा विचार केला असता तर मला आज बरं वाटलं असतं. पण मी वडिलांचा विचार केला नव्हता. मला मार खायचा नव्हता, एवढंच.

"न्हाई," मी म्हणाले. "आमी न्हाई ठाकरांच्या पोरींत खेळत."

चिमीनं माझ्याकडे पाहिलं नाही. दत्तूच्या वडिलांचा हात उठला. एकच थप्पड. ती बाजूला पडली आणि उठून पुन्हा तिथंच, तशीच उभी राहिली. मग तिचा बाप आला, त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि धुक्यात चढ चढून गेला. भात कापणीला आलं तेव्हा त्यांचं खोपटं रिकामं होतं. दत्तूच्या शेतावर त्यांना मिळायचं ते कामच बंद झालं, म्हणून ती माणसं कुठं तरी पोटामागं गेली. भागूकाकी पुढे काठी घेऊन चालायची. दत्तू आणि मी त्यानंतर बोललो नाही. भांडलो नाही, नुसतं बोललो नाही.

इथं थांबले असते तर हे लहानपणाचं पाप झालं असतं. ते तसं नाही.

गेल्या वर्षी कामशेतच्या बाजूला एका दवाखान्यात माझी बदली झाली. तिथं एक बाई आली. कान वाहतो म्हणाली. मी नाव विचारलं. चिमाबाई. मी मान वर केली नाही. बसा म्हटलं, बॅटरी लावली, उजवा कान पाहिला. पडदा फाटलेला, फार जुना.

"कधीपासनं आहे?"

"ल्हानपनापासनं. मार बसला व्हता, बाई."

"कोणी मारलं?"

"आता काय करायचंय त्याचं."

मी कापसानं कान पुसला. सावकाश, जसा पुसायचा तसा.   माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. जे सांगायचं ते सांगायला याहून जवळची जागा कोणाला मिळाली असेल? मी थेंब घातले. कानात पाणी जाऊ देऊ नका म्हटलं. आठ दिवसांनी या म्हटलं. दुसरा कान कसा आहे विचारलं. "बरा हाय, बाई. तुमी बोलता ते समदं येतं ऐकू."

ती उठली. पदर डोक्यावर घेतला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"चष्मा लागला व्हय गं तुला," म्हणाली. आणि गेली.

मी पुढचा नंबर पुकारला. ती आठ दिवसांनी आली नाही. तिचं गाव केसपेपरवर होतं, दवाखान्यापासून चालत जाण्यासारखं. मी गेले नाही.