मुळासकट पडलेली सात झाडं

"अरे, झाड पडलं म्हणजे पडलं! त्याची काय कुंडली मांडतोस?" परशुराम माझ्या ओट्यावर बसून ओरडत होता.

"मधेच मोडलं तर वाऱ्याने. मुळासकट आलं तर खालची माती सुटली. दोन्ही एकच कसं लिहू रे?" हा विश्राम.

"लिही काय ते. चहा गार झाला."

चहा माझा होता, म्हणून भांडणही कानावर आलं.

विश्राम वर्तकनगरमागच्या डोंगरात रोजंदारीवर वनमजूर. वणवा, वादळ, दरड यांना दर पाड्यावर वेगळं नाव; वनखात्याच्या साहेबांनीच त्याला सांगितलं, प्रत्येकाला सगळ्यांचा मिळून एक शब्द ठरव. त्याने चार पाड्यांची माणसं एकत्र बसवली. तीन महिने ती भांडली. मग ठरलं: गवताची आग वेगळी, शेंड्याची वेगळी; मोडलेलं झाड वेगळं, मुळासकट पडलेलं वेगळं. परशुरामनेही अंगठा उठवला. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण यादी मलाही पाठ झाली.

पुढे छापील फॉर्म आला. आग, एक रकाना. झाडे पडली, एक रकाना. "वर एवढं बारीक लागत नाही," साहेब म्हणाले. यादी फाईलला लागली, फाईल कपाटात गेली. तिथे ती सुखरूप आहे.

जुलैत परशुरामच्या घरावरच्या उतारावर सात झाडं ओळीने मुळासकट आली. विश्रामने रकान्यात लिहिलं, सात. बाजूला बारीक अक्षरात, मुळासकट, खालचं घर हलवा. ऑफिसने लाकूड न्यायला टेम्पो धाडला. लगेच हो, दुसऱ्याच दिवशी.

विश्राम स्वतः सांगायला गेला. परशुराम म्हणाला, "ऑफिसची चिठ्ठी आण. चिठ्ठीशिवाय शाळेत कोण झोपू देतंय?"

चिठ्ठी निघाली नाही. अकराव्या दिवशी दरड आली. परशुराम आणि त्याची बायको दुसऱ्या दिवशी सापडली. अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं, नैसर्गिक. निसर्गाने सात झाडं पाडून आधी कळवलं होतं, त्याला रकाना नव्हता.

"माई, तो आकडा माझ्याच हातचा," विश्राम एकदाच बोलला. मी भाकरी वाढली. त्याने अर्धी ठेवली.

दोन वर्षांनी एका बुधवारी पहाटे विश्राम वारला. आदल्या दिवशी अंगात ताप होता, तरी दर मंगळवारी फॉर्म द्यायचा म्हणून डोंगर चढला. उतरून नौपाड्याची बस धरली. ऑफिसच्या खिडकीवर कागद दिला: झाडे पडली, एक. शिक्का मारून घेतला, पोचपावतीची घडी खिशात घातली, आणि घरी आला.