फूल येईपर्यंत नाव नाही

अठरा जुलै. मामांची वही टाइप करायला घेतली आहे. आमच्या डोंगर-ग्रुपात बाकी कोणाला वेळ नव्हता. डाव्या पानावर पेन्सिलीने काढलेलं पात्यांचं चित्र, उजवीकडे जागा आणि दिवस. नावाचा रकाना निम्म्या ठिकाणी कोरा.

आमच्या ग्रुपाचे मामा म्हणजे कांजूरमार्गच्या एका कारखान्यातले निवृत्त फिटर, मूळ कुडाळकडचे. रानातल्या लिलींचं त्यांच्याइतकं आमच्यात कोणालाच कळत नव्हतं. तरी फूल पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही झाडाचं नाव कधी सांगितलं नाही. पावसाळ्यात मुलुंडच्या मागच्या टेकडीवर सगळीकडे हिरवी पाती फुटतात. मुसळी, रानकांदा, फोडशी, कळलावी, कोवळेपणी सगळं गवतच. "मामा, ही मुसळी ना?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "फूल येवंदे, मगे बघू." मग पुढचे तीन रविवार आम्ही त्याच दगडापाशी थांबायचो.

एकदा नव्याने आलेल्या समीरने पात्यावर मोबाइल धरला. "मामा, फोडशीच आहे. ब्याण्णव टक्के."

"आणि उरलेल्या आठ टक्क्यांचं काय करतोस?"

"सोडून द्यायचे."

"तू सोड. मी नाही सोडत."

फोडशीची भाजी ते खात नसत, पण बाजारात दिसली की जुडी सोडून पातं न् पातं बघत. मुलुंडला एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "घ्यायची तर घ्या बाबा. पोलीस असल्यासारखं काय तपासताय?" मामांनी तिची सगळी टोपली विकत घेतली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. मला राग आला. ती बाई भर पावसात टेकडीवर जाऊन भाजी खुडून आणते आणि हे फेकतात.

पुढच्या रविवारी पाऊस फार झाला म्हणून एका कपारीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी फोडशी समजून त्यांनी याच टेकडीवरून भाजी नेली होती. ते दुसऱ्या पाळीला गेले, म्हणून वाचले. घरात सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. बाकीचे सावरले, आई तिसऱ्या दिवशी गेली. वहिनी, म्हणजे भावाची बायको, नवी नवरी होती, त्या दिवशीचे बांगडे तिनेच आणले होते. सगळे म्हणाले, मासळी खराब होती. मामांनी टोपली झटकली तेव्हा तळाशी दोन पाती राहिली होती, टोकाला बारीक वेटोळं असलेली. तसं वेटोळं फक्त कळलावीला असतं. ती विषारी.

"वहिनींना सांगितलंत?"

"सांगूचा म्हणान घाटकोपराक जातंय. चाय पितंय आणि येतंय."

मार्चमध्ये मामा गेले. दहाव्याला वहिनींनीच ही वही माझ्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून सासूबाई गेल्या. ह्यांनी मरेपर्यंत ऐकवलं. पण भावजींनी कधी एक शब्द काढला नाही. देवमाणूस." मी वही पिशवीत घातली आणि निघून आले.

टाइप करताना आज कळलं, दर वर्षीच्या नोंदींत कळलावीला एक पान आहे. लाल-पिवळं फूल नीट रंगवलेलं, आणि नावाच्या जागी एकच शब्द, "हीच." सगळ्या वर्षांत अक्षर तेच, फक्त अलीकडे थरथरतं. हे पान टाइप कसं करायचं ते मला कळेना.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गेलेल्या माणसाचं आता कशाला काढतेस?"

"वहिनी अजून आहेत ना."

"त्यांचा देवमाणूस जाईल."

"जाऊ दे."

मला मामा आवडायचे. अजूनही आवडतात, हीच तर अडचण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला घाटकोपरला वहिनींकडे पोचले. वहिनी चहा टाकायला उठल्या. चहा प्यायले असते तर मीही तशीच परतले असते, म्हणून त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "वहिनी, ते बांगडे ताजे होते."