दातवाली शिशी

आंजी गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या डोक्यात नागपूरचं ताजं ज्ञान होतं आणि नाकावर राग. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर अ‍ॅड्रेनॅलिनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागा, दोन जातींचे असतात, हे तेव्हा नवं मत होतं. म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन या एकाच औषधानं मांडीच्या स्नायूतल्या वाहिन्या सैलावतात आणि बोटांच्या कातडीतल्या आवळतात. तोंडी परीक्षेत मी हे घडाघडा सांगून शाबासकी मिळवली होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई आली. बोटाला विंचू चावलेला आणि नवऱ्यानं बोटाच्या मुळाशी दोरा करकचून बांधलेला. दर विंचवाला यांचा हा दोरा! मी तो कापला आणि रक्त अडलं की बोट कसं सडतं, यावर तिला फैलावर घेतलं. तोंड चालू असतानाच बधिर करायचं औषध सिरिंजमध्ये ओढलं.

"साहेब, थे शिशी..." म्हातारा कंपाउंडर म्हणाला.

"मध्ये बोलू नका." मी बोटाच्या दोन्ही बाजूंना सुई टोचली.

दुखणं थांबलं. बाई हसली. बोट मात्र पांढरंफटक पडलं, गार झालं.

"थे दात उपटाची शिशी होय," कंपाउंडर हळूच म्हणाला. "तिच्यात अ‍ॅड्रेनॅलिन रायते."

रक्त कमी वाहावं म्हणून घातलेलं. स्वतःचा इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही. उतारा दवाखान्यात नव्हता. तिचा हात कोमट पाण्यात धरून बसलो आणि खरं ते सांगून टाकलं, "बाई, वरचा दोरा कापला, पण मी आतून दुसरा बांधला."

"बोट गेलं तं कापूस कशानं वेचू जी?"

शाबासकी मिळवलेल्या त्या उत्तरात याचं काही नव्हतं. दुपार कलल्यावर नखाखाली लाली दिसली, तेव्हा मला तिच्यासमोरच रडू आलं.

आठवड्यानं तिचा दीर विंचू चावलेलं बोट घेऊन आला. दोरा बांधलेला नव्हता. निदान एवढं तरी शिकले, म्हणून मला बरं वाटलं.

"दोरा काऊन नाई बांधला?" कंपाउंडरनं विचारलं.

"वहिनी म्हणे, डॉक्टरसाहेब आतूनच बांधून देतेत. बिलकुल दुखत नाई."

कंपाउंडरनं माझ्याकडे न बघता दातवाली शिशी उचलली आणि आपल्या खिशात घातली.